पुस्तक आधी की सूक्ष्मदर्शक?

जीवशास्त्र ऑलिंपियाडची तयारी कशी करायची, असं शिक्षकांना विचारलं की दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. काही जण सांगतात, जाड पुस्तक घ्या, जुने पेपर काढा, घड्याळ लावून सोडवायला बसा. काही जण सांगतात, आधी मुलांच्या हातात चिमटा आणि स्लाइड द्या, पेपरचं नंतर बघू. दोन्हीकडची माणसं तळमळीची आहेत. ही मतं मी स्टाफरूममध्ये आणि शिक्षकांच्या शिबिरांत पुष्कळदा ऐकली आहेत. इथे ती एका घरातल्या दोघांच्या तोंडी घातली आहेत. माणसं मी योजलेली आहेत, वाद मात्र खराखुरा आहे.

वहिनी रत्नागिरी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. भावजी पुण्यात नीटच्या क्लासमध्ये तोच विषय शिकवतात. वहिनींची लेक अकरावीला आहे आणि नोव्हेंबरात ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेला बसणार आहे. भावजी गणपतीला घरी आलेत. दुपारची जेवणं झाली आहेत आणि लेक पडवीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली आहे.

भावजी : वहिनी, दोन-अडीच महिने राहिलेत. मी आल्यापासून बघतोय, ही एकतर परसात झाडाझुडपांत असते, नाहीतर त्या सूक्ष्मदर्शकाशी. पेपर कधी सोडवते?

वहिनी : रात्री. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर जुने पेपर आहेत, उत्तरांसकट, फुकट. रोज थोडे सोडवते.

भावजी : मग हे प्रमाण उलटं करा. दिवस पेपरला द्या, रात्र छंदाला. पहिली परीक्षा आयएपीटी ही भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना घेते. दोन तासांचा पेपर, सगळे पर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापतात. त्यातून देशभरातली काहीशे मुलं दुसऱ्या फेरीला जातात. त्यातली मोजकी मुंबईत मानखुर्दला होणाऱ्या शिबिराला आणि शिबिरातून चौघांचा संघ. सूक्ष्मदर्शकाची खरी गाठ पडते ती शिबिरात. पहिला पेपरच निघाला नाही, तर तिथे जायचा प्रश्नच येत नाही.

वहिनी : आणि शिबिरात पोचल्यावर पहिल्यांदा चिमटा हातात धरायचा? आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निम्मं वजन थिअरीला असतं आणि निम्मं प्रॅक्टिकलला. हाताची सवय महिन्याभरात लागत नाही हो भावजी.

भावजी : निम्मं असतं, मान्य. पण ते चौघांसाठी. बाकीच्या हजारोंना प्रॅक्टिकल कोण विचारतंय? दुसरं सांगतो, रागावू नका. तुमच्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे?

वहिनी : नाही.

भावजी : मायक्रोपिपेट?

वहिनी : नाही. मिळतील अशी आशाही नाही.

भावजी : मुंबईतल्या एखाद्या मोठ्या शाळेच्या मुलाला हे सगळं मिळतं. त्याला आणि हिला सारखी मिळू शकते अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पुस्तक. कॅम्पबेलच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाची मागची आवृत्ती पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कमी किमतीत मिळते. त्यातलं पान मुंबईत वाचा की इथे वाचा, तेच असतं. तुम्ही तयारी प्रयोगशाळेवर टाकलीत की गावाकडचं पोर तिथेच मागे पडलं. पेपर आणि पुस्तकावर टाकलीत, तर ते बरोबरीत उभं राहतं.

भावजींचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. निसर्गात शिका, हाताने शिका, असं सांगणाऱ्यांनी तो नीट ऐकून घेतला पाहिजे. 'पुस्तकी' हा शब्द आपण फार सहज तुच्छतेने वापरतो. ज्याच्या घरात आणि कॉलेजात दुसरं काहीच नाही, त्याच्यासाठी ग्रंथालयातलं एक चांगलं पुस्तक फार मोठा आधार असतं. वहिनींनीही तो मुद्दा उडवून लावला नाही.

वहिनी : पुस्तकाला माझी ना नाहीच. प्रश्न आहे तो वाचायचं कसं. तुमच्या क्लासमधली मुलं एनसीईआरटीची ओळ न् ओळ पाठ करतात. नीटला १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, आणि बरेचसे त्या ओळींतूनच येतात, म्हणून ते चालतं. त्याच सवयीने हजारावर पानांचं कॅम्पबेल वाचलं तर काय होईल? अजून हजार पानं पाठ करण्याचा प्रयत्न होईल, दुसरं काय? मेसेल्सन आणि स्टाल यांचा प्रयोग घ्या. पाठ करणाऱ्या मुलाला साल माहीत असतं, १९५८. जिवाणू कोणता, नायट्रोजनचा कोणता समस्थानिक, सगळं येतं. ऑलिंपियाड विचारेल, डीएनएचे जुने आणि नवे तुकडे जर मिसळून वाटले गेले असते, तर दुसऱ्या पिढीनंतर नळीत किती पट्टे दिसले असते आणि कुठे?

लेक (सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता) : एकच पट्टा, काका. पहिल्या पिढीपेक्षा थोडा वर सरकलेला. प्रत्यक्षात दोन दिसले, म्हणून ती शक्यता बाद झाली.

भावजी : शाब्बास. पण वहिनी, हे तिला कुठे कळलं? कागदावरच ना! यासाठी सेंट्रिफ्यूज लागला नाही. विचार करायला लावणारा प्रश्न कागदावर विचारता येतो आणि मी तो विचारतो. परवाच वर्गात सिकलसेल घेतला. म्हटलं, समजा एखाद्या वस्तीत १०० त एकाला हा आजार आहे, तर वाहक किती? हार्डी-वाइनबर्गच्या हिशेबाने सदोष जनुकाचं प्रमाण ०.१ आणि वाहक १०० त १८. इथवर सगळे पोचतात. मग विचारलं, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागात हा हिशेब जसाच्या तसा लावता येईल का? तिथे लग्नं बहुतेक जमातीतल्या जमातीत होतात, वाहकांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, आजारी मुलं लहानपणीच दगावतात. सूत्राच्या अटी कुठे कुठे मोडल्या? पाऊण तास वर्ग थांबला नाही. सूक्ष्मदर्शक नव्हता, काही नव्हतं.

वहिनी : हे मला आवडलं. मीही घेईन वर्गात. कागदावर जे होतं ते कागदावरच व्हावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

भावजी : मग तक्रार कशाबद्दल आहे?

वहिनी : इकडे या. ती काय करतेय ते बघा आणि मग बोला.

पडवीत एका पाटावर सहा वाट्या ओळीने ठेवलेल्या आहेत. शेजारी ऱ्हिओची कुंडी. वर हिरवं आणि खालून गडद जांभळं असं लांबट पान, आपल्याकडे पुष्कळ घरांच्या अंगणात असतं. लेकीने पानाला चीर देऊन खालची जांभळी साल चिमट्याने ओढली आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा तुकडा हातात आला. तिने आधी ०.६ मोलर साखरेचं एकच द्रावण केलं होतं. साखरेचा रेणुभार ३४२, म्हणून १०० मिलिलिटरला साधारण २०.५ ग्रॅम साखर, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोललेली. बाकीची पाच द्रावणं त्यातच पाणी घालून केलेली. ०.४ हवं तर दोन भाग द्रावण आणि एक भाग पाणी, ०.३ हवं तर निम्मं-निम्मं, असं करत ०.१ पर्यंत. प्रत्येक वाटीत सालीचा एक तुकडा अर्धा तास बुडवून ठेवायचा आणि मग त्याच द्रावणाच्या थेंबात स्लाइडवर घ्यायचा. साध्या पाण्याच्या थेंबात घेतला तर आकसलेल्या पेशी पुन्हा फुगतात आणि मेहनत वाया जाते.

भावजींनी डोळा लावला. ०.१ च्या स्लाइडवर जांभळा रंग पेशीच्या कडेपर्यंत काठोकाठ भरलेला. ०.५ च्या स्लाइडवर प्रत्येक पेशीत रंग मधोमध गोळा झालेला, भोवती रिकामी जागा, आणि पेशीभित्तिका मात्र जागच्या जागी. आणि ०.३ च्या स्लाइडवर सगळा गोंधळ. काही पेशी भरलेल्या, काही आकसलेल्या, काहींचा फक्त एक कोपरा सुटलेला.

लेक : काका, ही मोजायची की नाही? फक्त कोपरा सुटलाय.

भावजी : पुस्तकात काय दिलंय?

लेक : पुस्तकात आकृती आहे. एक पूर्ण भरलेली पेशी, एक पूर्ण आकसलेली. मधली नाहीच. सकाळी मी कोपरा सुटलेल्या मोजल्या नाहीत आणि दुपारी मोजल्या. दोन्ही वेळचे आकडे जुळेनात. मग आईने सांगितलं, आधी नियम लिहून काढ आणि मगच मोज. आता लिहिलंय, भित्तिकेपासून कुठेही सुटली तर आकसली म्हणायचं.

वहिनी : याबद्दल होती माझी तक्रार, भावजी. आधी व्याख्या ठरवायची, मग मोजायचं, हे कागद शिकवत नाही. कागदावर कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. निम्म्या पेशी ज्या द्रावणात आकसतात, तिथे बाहेरची आणि पेशीरसाची ताकद साधारण सारखी असते. हिच्या मोजणीत ती ०.२ आणि ०.३ च्या मधे येते. ०.२५ धरलं तर पेशीरसाचं परासरणी विभव उणे ०.६ मेगापास्कलच्या आसपास निघतं. हा आकडा घरातल्या साखरेवर मिळालेला आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर नाही म्हणून हिचं काही अडलं नाही.

भावजी : किती वेळ गेला यात?

वहिनी : एक अख्खा रविवार. आणि आज पुन्हा.

भावजी : तेवढ्या वेळात जुने दोन पेपर झाले असते, चुका तपासून.

वहिनी : झाले असते. पण तुम्ही तिला आलेखाचा प्रश्न घालून बघा.

भावजींनी वहीच्या मागच्या पानावर आलेख काढला. आडव्या अक्षावर द्रावणाची तीव्रता, उभ्या अक्षावर आकसलेल्या पेशींची टक्केवारी, मधे तिरकस चढत जाणारी रेषा. त्यांनी विचारलं, ही रेषा एकदम सरळ उभी का चढत नाही? लेकीने क्षणात सांगितलं, सगळ्या पेशी सारख्या नसतात, प्रत्येकीतला रस थोडा कमी-जास्त तीव्र असतो, म्हणून एकीपाठोपाठ एक आकसत जातात. भावजी थोडा वेळ काही बोलले नाहीत.

भावजी : हे मी वर्गात सांगतो. मुलं लिहून घेतात. पण त्यांना ते दिसलेलं नसतं, म्हणून प्रश्न जरा फिरवला की सुटत नाही. ठीक आहे वहिनी, हे मी मानतो. पण सगळा अभ्यासक्रम असा रविवारी-रविवारी पुरा होणार नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्राण्यांची रचना आणि कार्य २५ टक्के, पेशी २०, आनुवंशिकता आणि उत्क्रांती २०, वनस्पती १५, परिसंस्था १०, प्राण्यांचं वर्तन ५ आणि वर्गीकरण ५. वर्तनाचा धडा नीटला जवळजवळ नाहीच, त्यामुळे मुलं तो उघडतही नाहीत. ते वाचूनच भरून काढावं लागेल.

वहिनी : वर्तनाचं ठीक, पण वर्गीकरणही वाचूनच होईल, हे मला पटत नाही. परसातली एकदांडी सुईने उकलली की कळतं, आपण जिला एक फूल म्हणतो तो फुलांचा गुच्छ आहे. कडेची जीभ काढलेली फुलं मादी, मधली नळीसारखी उभयलिंगी. हे एकदा पाहिलं की सूर्यफुलाचं अख्खं कुळ डोक्यात बसतं. विसर्जन झालं की बाजारातून कोळंबी आणीन, मोठ्या आकाराची. सोलायच्या आधी तिची १९ जोड्या उपांगं सुटी करून क्रमाने कागदावर लावायची. बेडूक कापणं बंद झालं, चांगलंच झालं. कोळंबी नाहीतरी आपण खातोच. हात स्थिर ठेवायला, तुटू न देता वेगळं करायला त्यातून येतं.

भावजी : आणि जनुकनियमन? रोगप्रतिकारशक्ती? संप्रेरकं? ते कुठे सोलून दाखवणार?

वहिनी : ते वाचायचं. तिथे तुमचं खरं.

इथवर दोघं बरेच जवळ आले होते. खरा मतभेद पुढे निघाला.

वहिनी : मी तिला सांगितलंय, निवडीचं मनावर घेऊ नकोस. झाली तर झाली. शिकणं महत्त्वाचं.

भावजी : हे तिच्यासमोर बोलत जाऊ नका वहिनी. तुम्हाला राग येईल, पण बोलतो. निवड नाही झाली तरी चालेल, हे मोठ्यांच्या सोयीचं वाक्य आहे. ती दोन-अडीच महिने जीव तोडून अभ्यास करणार. तिला जिंकायचं असणार आणि असायलाच हवं. तुम्ही आधीच म्हणालात चालेल, की तिला वाटतं आईलाच विश्वास नाही. २०२३ साली अल ऐनला झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताच्या चौघांनाही सुवर्णपदक मिळालं, आपला देश पहिला आला. त्या चौघांत एक मुलगा जालन्याचा होता. जालन्याचा येऊ शकतो तर इथली का नाही, असं म्हणा ना तिला!

वहिनी : आणि नाही आली तर? चारच जागा आहेत.

भावजी : तर रडेल. रडू द्या. स्पर्धेला बसवायचं आणि स्पर्धा म्हणायचं नाही, असं कसं चालेल?

वहिनी : मला दुसरीच भीती वाटते भावजी. आपल्याकडे बायॉलॉजी घेतलं की डॉक्टर, हे दहावीच्या निकालाआधीच ठरलेलं असतं. आणि नाही जमलं तर पोर नापास ठरलं. जीवशास्त्र आवडतं म्हणून जीवशास्त्र करायचं, असं सांगणारी जागाच घरात नाही. तुमच्या पुण्यात पाषाणला आयसर आहे, तिथे मुलं संशोधन शिकतात. क्लासमधल्या किती जणांना तुम्ही ते सांगता? मला ही परीक्षा हवी आहे ती एवढ्यासाठी, की तिथे जीवशास्त्राला जीवशास्त्र म्हणून विचारतात. निवडीच्या मागे लागून तेही नीटसारखं झालं, तर मग उरलं काय?

भावजी : सांगत नाही मी. ते चुकतं माझं. पण वहिनी, पेपर गांभीर्याने घेतला म्हणून गोडी जात नाही. तो चोख सोडवणं हेसुद्धा विषयावरचं प्रेमच आहे.

या शेवटच्या वादात मी भावजींच्या बाजूचा आहे. मुलाने मन लावून तयारी केली असेल, तर त्याच्या जिंकण्याच्या इच्छेचा मान राखावा आणि हरल्यावर त्याच्या शेजारी बसावं. आधीच गादी अंथरून ठेवू नये. तयारीच्या पद्धतीत मात्र माझा कौल वहिनींना आहे आणि तो प्रॅक्टिकलच्या गुणांसाठी नाही. अंतिम स्पर्धेच्या थिअरीचे प्रश्नच पाहा. एका प्रश्नात चार विधानं असतात आणि प्रत्येक विधान खरं की खोटं ते वेगळं ठरवायचं असतं. चारही बरोबर आली तर १ गुण, तीन आली तर ०.६, दोन आली तर ०.२, त्याखाली शून्य. पर्याय गाळत गाळत उत्तरापर्यंत पोचण्याची क्लासची युक्ती तिथे चालत नाही. विधान अनोळखी असतं, सोबत एखाद्या प्रयोगाचा आलेख किंवा तक्ता असतो आणि तो वाचून ठरवावं लागतं. ज्याने एकदा तरी स्वतः मोजून आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं धरलं आहे, त्याला दुसऱ्याचा तक्ता वाचताना कुठे शंका घ्यायची ते कळतं. भावजींच्या सिकलसेलच्या प्रश्नातही हीच शंका आहे. तो शिक्षक कागदावर प्रयोगशाळाच चालवतो. तसे शिक्षक सगळ्यांना मिळत नाहीत, ऱ्हिओची कुंडी आणि साखर मिळते.

ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९९० साली चेकोस्लोव्हाकियातल्या ओलोमोउत्स शहरात सहा देशांनी सुरू केली. भारत २००० साली तिच्यात उतरला आणि २००८ साली मुंबईने यजमानपद भूषवलं. स्पर्धेचं देशातलं मुख्य ठिकाण असलेलं होमी भाभा केंद्र, तिथले शिक्षक आणि जुने पेपर हे सगळं महाराष्ट्रातच, मानखुर्दला आहे. तरीही कितीतरी तालुक्यांच्या ज्युनिअर कॉलेजांत या परीक्षेची सूचना फलकावर लागतही नाही. विज्ञान शाखेच्या मुलांना बारावीनंतर कळतं, की अशी काही परीक्षा होती.

म्हणून शिक्षकांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे. पहिल्या परीक्षेची नोंदणी साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरात होते. त्याआधी अकरावी-बारावीच्या वर्गात जाऊन तोंडी सांगा, जवळचं परीक्षाकेंद्र कुठे आहे ते शोधून द्या, आणि जमेल तिथे आपलं कॉलेजच केंद्र व्हावं म्हणून अर्ज करा. जुने पेपर छापून ग्रंथालयात ठेवा. आणि रविवारी सकाळी दोन-तीन तास प्रयोगशाळा उघडी ठेवा. सूक्ष्मदर्शक जुना असला तरी चालेल, पण तो कपाटाबाहेर असू द्या.